राज चतुष्टय वाचण्यापूर्वी

पॉल स्कॉट या इंग्रज कादंबरीकाराने १९६६ ते १९७५ या नऊ वर्षांत चार कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या : ‘द ज्वेल इन द क्राउन’, ‘द डे ऑफ द स्कॉर्पियन’, ‘द टॉवर्स ऑफ सायलेन्स’ आणि ‘अ डिव्हिजन ऑफ द स्पॉइल्स’. इंग्रजीत या चारींना मिळून ‘राज क्वार्टेट’ म्हणतात. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘चांगदेव चतुष्टया’मुळे हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे, तेव्हा आपण ‘राज चतुष्टय’ म्हणू. काळ ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४७, म्हणजे पाच वर्षे. पाने सुमारे दोन हजार. या शहरातल्या ज्या वाचकांनी हे चार खंड एकत्र बसून वाचायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. ज्यांचे अजून ठरलेले नाही, त्यांनी ही प्रस्तावना वाचून ठरवावे.

सुरुवातीलाच एक आक्षेप येतो, आणि तो येणे रास्त आहे. इंग्रजी राज्याच्या अखेरीची गोष्ट छत्रपती संभाजीनगरात बसून कशाला वाचायची? इथे इंग्रजांचे राज्य नव्हतेच. मुंबईत १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री लोक रस्त्यावर नाचत होते, तेव्हा इथे, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादेत, निजामाचा अंमल होता, आणि हैदराबाद संस्थानात तिरंगा फडकवू पाहणारा माणूस तुरुंगात जात होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. आपला दिवस उजाडायला आणखी तेरा महिने लागले. पुणे-मुंबईचा माणूस ज्याला स्वातंत्र्य म्हणतो ते इकडे वेगळ्या तारखेला, वेगळ्या वाटेने आणि लष्कराच्या रणगाड्यांबरोबर आले.

माझे म्हणणे असे, की हा आक्षेप हेच आपण ही पुस्तके वाचण्याचे खरे कारण आहे. स्कॉटच्या चार खंडांत तीन मुख्य ठिकाणे आहेत, तिन्ही काल्पनिक. मायापूर हे ब्रिटिश अमलाखालचे जिल्ह्याचे गाव. पानकोट हे पलटणीचे थंड हवेचे ठिकाण. तिसरे मिरत : मुसलमान नवाबाचे छोटे संस्थान, प्रजा बहुसंख्य हिंदू, चहूबाजूंनी ब्रिटिश मुलूख. लंडनचा वाचक मायापूरपासून वाचत येतो आणि मिरतला पोहोचेपर्यंत त्याला ते राजवाडे-हत्तींचे रंगीत उपकथानक वाटू लागते. आपण मिरतपासून वाचले पाहिजे. तिथली हवा आपल्याला नवी नाही.

एक प्रसंग जरा जवळून पाहू. दुसऱ्या खंडात सूझन लेटन या इंग्रज मुलीचे लग्न मिरतमध्ये होते. वऱ्हाड नवाबाच्या पाहुणेघरात उतरलेले, नवरदेव चर्चला निघाला तो नवाबाने दिलेल्या मोटारीतून. वाटेत त्या मोटारीवर दगड येतो, काच फुटते, नवरदेवाच्या गालाला जखम होते. दगड खरे तर त्याच्यासाठी नाही. शेजारी बसलेल्या रोनाल्ड मेरिकसाठी आहे. हा मायापूरचा माजी पोलीस अधिकारी, पहिल्या खंडातल्या अन्यायाचा कर्ता. पण हे कुणाच्या लक्षात येत नाही. आधीच धास्तावलेले पहारेकरी मग जिमखान्याच्या दारात जास्तच कडक होतात, आणि समारंभाला आलेल्या खुद्द नवाबालाच अडवतात, कारण क्लबात नेटिवांना प्रवेश नाही. संस्थान नवाबाचे, पाहुणे नवाबाचे, मोटार नवाबाची, आणि दारात थांबलेलाही नवाबच. कुणी आवाज चढवत नाही. माफी मागितली जाते, हसून साजरे केले जाते, केक कापला जातो. संस्थानी राज्य म्हणजे नेमके काय होते, हे मांडलिकत्वाच्या करारांवरच्या कितीतरी पानांतून कळणार नाही ते या दाराशी कळते.

आता आपली छावणी आठवा. जुन्या शहराच्या पश्चिमेला खाम नदी ओलांडली की निजामाच्या मुलखात इंग्रजी शिस्तीची छावणी सुरू होई. हैदराबाद कंटिंजंट नावाची ही फौज निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालची. जून १८५७ मध्ये तिच्याच घोडदळाने इथे उठाव केला, आणि तो कोणी मोडला तर बाहेरून आलेल्या इंग्रजी सैन्याने. क्रांती चौकातून आपण रोज जातो, त्या नावामागे हे आहे. मिरतचा जिमखाना समजायला इथल्या माणसाला तळटीप लागत नाही.

मिरत आणि हैदराबाद यांत मोठा फरकही आहे, आणि तो वाचताना मनात ठेवावा. स्कॉटचे संस्थान नकाशावर शोधावे लागेल एवढे छोटे. आपले सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे, १९४१ च्या गणतीप्रमाणे १ कोटी ६३ लाख वस्तीचे. ३ जून १९४७ च्या योजनेनंतर इंग्रजांनी भूमिका घेतली, की संस्थानांवरचे आमचे सार्वभौमत्व आम्ही नव्या सरकारांकडे सोपवत नाही, ते संपुष्टात येते. कायद्याच्या भाषेत याचा अर्थ, संस्थानिक १५ ऑगस्टला मोकळे. मिरतचा नवाब सामीलनाम्यावर कुरकुरत, पण सही करतो, कारण त्याचा दिवाण ब्रोनोव्हस्की हा परागंदा रशियन सरदार वारा ओळखणारा आहे. एक साम्राज्य कोसळताना त्याने स्वतः पाहिलेले आहे. आपल्या निजामाने, मीर उस्मान अलींनी, सही केली नाही. २९ नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे’ करार, लातूरचा वकील कासीम रझवी आणि त्याचे रझाकार, सरहद्दीवरचे कॅम्प, आणि शेवटी १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची लष्करी कारवाई, म्हणजेच पोलीस ॲक्शन, हे सारे त्या न झालेल्या सहीतून आले. स्कॉटने जे शंभर-दीडशे पानांत उरकले, ते आपल्याकडे वर्षभर जळत होते. चौथा खंड वाचताना हे जाणवेल आणि थोडा रागही येईल. येऊ द्यावा.

या शहराचा इंग्रजी कादंबरीशी आणखी एक धागा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. ई. एम. फॉर्स्टर १९१३ च्या वसंतात औरंगाबादेत आला होता. सईद मिर्झा नावाच्या तरुण मुन्सफाकडे तो उतरला होता. वेरूळची लेणी पाहिली. एके दिवशी घोड्यावरून जाताना हा मुन्सफ एकदम उसळला, आणि पन्नास वर्षे लागोत की पाचशे, तुम्हाला आम्ही इथून काढणारच, अशा अर्थाचे बोलला. अकरा वर्षांनी आलेल्या ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या शेवटच्या पानांत डॉ. अझीझच्या तोंडी हाच संताप आहे. त्या कादंबरीत गुहेतल्या एका कथित प्रसंगावरून हिंदी माणसावर आरोप येतो. स्कॉटने ४२ वर्षांनी तोच साचा उचलला. गुहेच्या जागी बीबीघर बाग, कथित प्रसंगाच्या जागी खरोखर घडलेला बलात्कार, आणि आरोपी हरी कुमार, इंग्लंडच्या उच्चभ्रू शाळेत शिकलेला, हिंदी न येणारा, इंग्रजांना काळा आणि हिंदी लोकांना साहेब वाटणारा. फॉर्स्टरने हिंदी माणूस आणि इंग्रज मित्र होऊ शकतात का असे विचारले होते. स्कॉटचा प्रश्न अधिक कठोर आहे : तुम्हीच घडवलेल्या माणसाला तुम्ही ओळख का दाखवत नाही?

तारीख पाहा : ९ ऑगस्ट १९४२. आदल्या रात्री गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला, पहाटे पुढाऱ्यांची धरपकड झाली, आणि त्याच संध्याकाळी मायापूरच्या बागेत गुन्हा घडतो. काँग्रेस कार्यकारिणीला ज्या किल्ल्यात ठेवले तो अहमदनगरचा किल्ला आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरही नाही. नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आणि मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे तिथल्याच खोल्यांत लिहिली गेली. दुसऱ्या खंडात मोहम्मद अली कासीम हा काँग्रेसचा मुसलमान पुढारी प्रेमानगरच्या किल्ल्यात बंद आहे. त्याची प्रकरणे येतील त्या महिन्यात एका रविवारी नगरला जाऊन यावे, असे माझे सुचवणे आहे. कासीमची कोंडी आझादांच्या कोंडीला समांतर चालते : पाकिस्तान नको म्हणणारा मुसलमान, ज्याच्यावर दोन्हीकडून संशय. त्याचा थोरला मुलगा आझाद हिंद सेनेत जातो, धाकटा अहमद मिरतच्या नवाबाकडे नोकरी करतो. १९४७ च्या ऑगस्टमध्ये मिरतहून निघालेली गाडी रानात थांबवली जाते तेव्हा इंग्रज प्रवाशांनी भरलेल्या डब्यातून हा अहमद दार उघडून स्वतः खाली उतरतो. बाकीचे वाचतात. डब्यातली इंग्रज माणसे त्याला अडवत नाहीत, की अडवण्याइतका वेळच नसतो, यावर आपल्यात भांडण होणार आहे. त्यासाठी एक बैठक राखून ठेवावी.

एकत्रच का वाचायचे, हे आता सांगतो. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावतात. पुढे काय होणार ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, तरी माणसे रोज येऊन बसतात, कारण आज सांगणारा कशावर थांबतो आणि कोण काय विचारतो याला मोल असते. स्कॉटही पहिल्याच पानावर अंधारात धावणारी मुलगी दाखवतो आणि काय घडले ते सांगून टाकतो. मग दोन हजार पाने तो त्याच घटनेभोवती फिरत राहतो. १९६४ साली एक अनामिक परका मायापूरला येतो आणि कागद गोळा करतो : बागेत जिच्यावर बलात्कार झाला त्या डॅफ्नीची वही, ब्रिगेडियरच्या आठवणी, मठवजा आश्रम चालवणाऱ्या सिस्टर लुडमिलाची जबानी, क्लबातल्या गप्पा. प्रत्येकाला थोडे माहीत आहे आणि प्रत्येकाला काही लपवायचे आहे. हरी कुमारच्या कोठडीत मेरिकने काय केले, ते कळायला दुसऱ्या खंडातला तुरुंगातला जबाब येईपर्यंत थांबावे लागते. असे पुस्तक एकट्याच्या डोक्यात नीट मावत नाही. साक्षीदार जितके, तितके ऐकणारे लागतात.

हेच तंत्र तिसऱ्या खंडात पराकोटीला जाते. तिथे नवीन जवळजवळ काही घडत नाही. दुसऱ्या खंडातल्याच गोष्टी निवृत्त मिशनरी शिक्षिका बार्बी बॅचलर हिच्या बाजूने पुन्हा सांगितल्या जातात, आणि कथानकाच्या ओढीने वाचणारा इथे पुस्तक मिटतो. माझ्या मते चारही खंडांतला हा सर्वांत चांगला. साम्राज्य शेवटी कोणाच्या वाट्याला काय ठेवून गेले, हे व्हाइसरॉयच्या नोंदींत सापडत नाही. पेटीभर सामान घेऊन या घरातून त्या घरात ढकलल्या जाणाऱ्या एका बोलघेवड्या म्हाताऱ्या बाईत सापडते. त्या पेटीकडे आणि व्हिक्टोरिया राणीला रत्न अर्पण होतानाच्या चित्राकडे लक्ष ठेवा. पहिल्या खंडात हे चित्र मिशनरी शिक्षिका मिस क्रेनच्या भिंतीवर असते, पुढे त्याची प्रत कोणाकोणाच्या हाती जाते ते पाहत गेलात तर हुकलेला धागा पुन्हा सापडेल.

स्कॉट १९४३ मध्ये लष्करातून हिंदुस्थानात आला, युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये परत गेला. पुढे १९६४ मध्ये पुन्हा आला तेव्हा आपल्या जुन्या हवालदाराच्या आंध्रातल्या गावी राहिला. गावातले ते दिवस त्याला जड गेले. आपणही आतून साहेबच आहोत, हे त्याला तिथे उमगले असावे, असे पुस्तके वाचून वाटते. मेरिकसारख्या तिरस्करणीय माणसाला त्याने इतक्या आतून लिहिले ते उगाच नाही. १९७७ साली ‘स्टेइंग ऑन’ या पाठोपाठच्या छोट्या कादंबरीला बुकर मिळाले. पुढच्या मार्चमध्ये तो गेला. चतुष्टयावरची ग्रॅनाडाची चौदा भागांची मालिका १९८४ ची, म्हणजे त्याने पाहिली नाही. आपणही ती वाचन संपल्यावरच पाहावी.

दोषांबद्दल आडपडदा नको. त्या मालिकेच्या निमित्ताने सलमान रश्दी यांनी स्कॉटवर सडकून टीका केली. साम्राज्याच्या अत्याचाराचे रूपक म्हणून गोऱ्या बाईवरचा बलात्कार वापरणे हीच मुळात उलटी गोष्ट आहे, आणि ज्यांच्या देशाची ही कथा ते हिंदी लोक तिच्यात दुय्यम आहेत, हे त्यांचे मुख्य मुद्दे. पहिला मुद्दा वादाचा आहे. दुसरा खोडता येत नाही. मी त्यात एक भर घालीन. दोन हजार पानांत शेतकरी नाही, आणि अस्पृश्य म्हणून वागवल्या गेलेल्या माणसाला आवाज नाही. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला आले, तेव्हा हौदाच्या पाण्यावरून त्यांची अडवणूक झाली. किल्ला निजामाच्या राज्यात, अडवणारे मुसलमान, साम्राज्य इंग्रजांचे. या तिहेरी गाठीला स्कॉटच्या नकाशात जागाच नाही. १९५० मध्ये याच शहरात बाबासाहेबांचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. इथे बसून वाचताना ही उणीव डोळ्याआड करणे शक्यही नाही, योग्यही नाही.

मग आपल्या भाषेत काय आहे? मराठीला लांबलचक ऐतिहासिक मालिकांचे वावडे नाही. नाथमाधवांची स्वराज्यमाला आणि वि. वा. हडपांची ‘कादंबरीमय पेशवाई’ यांच्यावर वाचकांच्या पिढ्या पोसल्या. एका राज्याची अखेर खंडामागून खंड सांगत जाणे हे आपल्याला जमलेले काम आहे. रंगनाथ पठाऱ्यांच्या ‘ताम्रपट’ने १९४२ पासूनचा नगरकडचा पट एका दांडग्या ग्रंथात घेतला. पण १९३८ च्या सत्याग्रहापासून १९४८ पर्यंतच्या मराठवाड्यावर खंडात्मक कादंबरी म्हणून ठामपणे पुढे करावी अशी कृती मला दिसत नाही. शेजारी तेलुगूत दाशरथी रंगाचार्यांनी निजामी तेलंगणावर ‘चिल्लर देवुळ्ळु’पासून एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या. आपल्याकडे ऐवज आठवणींत आणि इतिहासग्रंथांत पडून राहिला : स्वामी रामानंद तीर्थांच्या इंग्रजी आठवणी, अनंत भालेरावांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’, निजामाच्या मुलकी सेवेत राहिलेल्या सेतुमाधवराव पगडींचे ‘जीवनसेतू’. नरहर कुरुंदकरांनी ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना लिहून इतिहास आणि कादंबरी यांच्या नात्यावर मराठीत सर्वांत गंभीर चर्चा केली. नांदेडच्या या माणसाला हैदराबादचा प्रश्नही पुरता ठाऊक होता. तरी ती कादंबरी आली नाही. सामग्री अपुरी पडली, असे मला वाटत नाही. हा विषय घराघरांत अजून दुखतो, हे कारण असावे.

१९३८ च्या नोव्हेंबरात इथल्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावरून संप झाला आणि तो संस्थानभर पसरला. त्यातल्या विद्यार्थ्यांच्या नातवंडांनी त्या गोष्टी शंभरदा ऐकल्या असतील. रझाकारीत गाव सोडावे लागलेल्यांच्या घरी वेगळ्या गोष्टी आहेत. आणि पोलीस ॲक्शननंतर ज्यांची माणसे गेली त्या मुसलमान घरांत तिसऱ्याच. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या काळात २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज केला. उस्मानाबाद आणि नांदेड हे जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी. तो अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. मुक्तिसंग्राम न्याय्य होता, हे माझे मत आहे. त्यानंतर जे झाले ते न्याय्य नव्हते, हेही माझे मत आहे. ही दोन वाक्ये एका दमात बोलायला या शहरात जागा फार थोड्या आहेत. कादंबरीचा उपयोग इथे होतो. अहमद कासीमबद्दल बोलताना माणसे आपल्या आजोबांबद्दल जे बोलू लागतात, ते थेट विचारले तर बोलणार नाहीत.

निजामाच्या काळात ‘गश्ती ५३’ या परिपत्रकामुळे परवानगीशिवाय सभा भरवता येत नसे. म्हणून लोक वाचनालये काढीत आणि तिथे जमत. आपल्याला परवानगी लागत नाही. पुस्तके इंग्रजीत वाचू. बोलणे मराठी, उर्दू, हिंदी, ज्याला जे सोयीचे ते. ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांच्यासाठी दर बैठकीआधी मजकुराचा गोषवारा मराठीत सांगितला जाईल, तेव्हा त्या कारणाने कुणी मागे राहू नये. एका खंडाला तीन महिने, म्हणजे वर्षभराचे काम.

पहिल्या बैठकीला मिस क्रेनचे प्रकरण वाचून या. पावसात, रस्त्याच्या कडेला, ठार झालेल्या सहकाऱ्याचा हात धरून ती बसून राहते, तिथपर्यंत. आणि घरात १९४७-४८ चा एखादा कागद असेल, पत्र, पावती, राहदारीचा परवाना, उर्दूतली सनद, काहीही, तर तो बरोबर आणा; वाचता येत नसला तरी आणा, मोडी आणि उर्दू वाचणारे आपल्यात आहेत.